ब्रेकच्या पाइपावरची सही

माझ्याकडे गाडी चालवण्याचा परवाना आहे. गाडी चालवता येत नाही, हा वेगळा विषय. परवाना रीतसर आहे, त्यावर फोटो आहे, फोटोत मी मोठ्या आत्मविश्वासाने समोर बघतो आहे, आणि दर वेळी मुदत संपायच्या आत मी त्याचं नूतनीकरण करून घेतो. आमच्या घरात गाडी चालवते ती बायको. ती अशी चालवते की शेजारी बसलेल्या माणसाला डुलकी लागावी, आणि मला लागतेही. तेव्हा मी जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरलो होतो असं जे आमच्या इमारतीत बोललं जातं, ते शब्दशः घेऊ नये. मी बसलो होतो.

एका रविवारी सकाळी सासरे आले आणि चहा यायच्या आधीच त्यांनी एक पत्रक टेबलावर ठेवलं.

"जावईबापू, गाडी काढायची."

"कुठे जायचंय?"

"टेकडीवर. आणि पलीकडून खाली."

चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांची ती शर्यत होती. एका बाजूने टेकडी चढायची, दुसऱ्या बाजूने उतरायची आणि निघाल्या जागी परत यायचं. ही गाडी नवी असताना याच टेकडीवर नव्या गाड्यांची शर्यत होत असे, आणि सासऱ्यांनी तरुणपणी याच गाडीतून ती तीनदा सुरू केली होती. सुरू केली म्हणण्याचं कारण असं की संपवली एकदाही नाही. पहिल्यांदा इंजिनातलं पाणी उकळलं, दुसऱ्यांदा चाक फुटलं आणि तिसऱ्यांदा खुद्द सासरेच रस्ता चुकले. आता ते ऐंशीचे झालेत, डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडीला हात लावायची बंदी केली आहे, आणि गाडी त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये चादर पांघरून उभी असते.

"माझं काही नाही," सासरे म्हणाले. "गाडी एकदा पूर्ण फिरून आलेली बघायची आहे. नंबराची हौस नाही. पोरगी चालवेल."

बायकोने पत्रक वाचलं. तिच्या चेहऱ्यावर मला न आवडणारा एक आनंद दिसला.

"अहो, नियम नऊ बघा. चालकाशेजारी एक सज्ञान सहप्रवासी पाहिजे. आग विझवायचं नळकांडं त्याच्या हाताशी हवं. तुम्ही बसा. तुम्हाला सज्ञान धरतील."

नियमांची पुस्तिका तेवीस पानांची होती. इतरांना अशा वेळी घाम फुटतो, मला मात्र पुस्तिका हातात आली की घरी आल्यासारखं वाटतं. बावीस वर्षं मी यंत्रभाग तपासणी कार्यालयात आहे. मी जाहीर केलं की गाडीचं तुम्ही बघा, कागदांचं माझ्याकडे. त्या दिवशीच मी एक जाड फाइल आणली, तिला नाडी लावली, आत पारदर्शक पाकिटं भरली आणि वर सुवाच्य अक्षरात 'सुरक्षा' असं लिहिलं.

गाडी दुरुस्तीला आमच्या इमारतीच्या आवारात आली, कारण सासऱ्यांच्या शेडमध्ये दिवा नव्हता. दुरुस्त करणाऱ्याला सगळे डॉक्टर म्हणतात. तो स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून ऐकतो. बोलतो फार कमी. मी त्याला पुस्तिकेतला सुरक्षेच्या भागांचा अध्याय वाचून दाखवला. तो बिडी विझवून म्हणाला, "साहेब, गाडी बघू का?"

सुरुवात आसनपट्ट्यांपासून करायची ठरली. ही गाडी बनली तेव्हा लोक आसनाला स्वतःच धरून बसत असावेत, कारण पट्टे नव्हतेच. पट्टे बसवायचे म्हणजे गाडीच्या तळाला चार भोकं पाडून बोल्ट लावायचे. डॉक्टरने पहिलं भोक पाडायला घेतलं. ड्रिल सुरू झालं, गंजाची भुकटी उडाली आणि धप्पकन काहीतरी पडलं.

"काय पडलं खाली?" बायकोने गॅलरीतून विचारलं.

"गाडी," डॉक्टर म्हणाला.

गाडीचा तळ पडला होता. पूर्ण नव्हे, माझ्या पायांखालचा. मी आसनावरच बसलो होतो आणि माझे बूट आवारातल्या फरशीवर टेकले होते. तळाला नवा पत्रा जोडेपर्यंत पंधरा दिवस गेले. तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली की सभासदांनी आपली वाहने एकसंध स्थितीत उभी करावीत. नाव कोणाचंच नव्हतं, पण सगळे वाचून माझ्याकडे बघत. मी त्या सूचनेची एक प्रत फाइलला लावली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. दुसऱ्याचं काम अर्धवट राहिलेलं त्यांना बघवत नाही, म्हणून ते खुर्ची घेऊन खाली येऊन बसू लागले. त्यांची स्वतःची एक छोटी गाडी आहे, नातीला शाळेत सोडण्यापुरती. तेवढ्या अधिकारावर ते सल्ला देत.

"चाकाचे नट आवळलेत का?" एका संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"डॉक्टर उद्या आवळेल."

"उद्यावर काम टाकू नये. आणि आवळताना कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं बरं. पान्याला लांब नळी लावा. तरफेचा नियम आठवतो ना?"

मला आठवत नव्हता, पण हेडमास्तरांपुढे नाही म्हणायचं वय निघून गेलं असलं तरी सवय जात नाही. त्यांनी वरून पडद्याची जुनी नळी आणली, आम्ही दोघांनी ती पान्यावर चढवली आणि तरफेच्या नियमाप्रमाणे जोर लावला. पहिले तीन नट मुकाट्याने आवळले गेले. चौथ्याला कडाड् असा आवाज झाला, हेडमास्तर फरशीवर बसले आणि बोल्टचं मुंडकं नळीसह माझ्या हातात आलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने ते मुंडकं उलटसुलट करून पाहिलं.

"किती आवळलं?"

"मनापासून," मी म्हणालो.

त्याने चारही चाकांचे सगळे बोल्ट बदलले. ताणलेला बोल्ट दिसायला धडधाकट असतो आणि वळणावर जीव सोडतो, एवढं एक वाक्य तो बोलला. त्याच्या मानाने ते भाषणच होतं.

आग विझवायच्या नळकांड्याची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात माझी प्रतिष्ठा फार गुंतलेली आहे. नळकांडं नवं कोरं होतं, त्याचा कागद फाइलमध्ये होता. हेडमास्तरांनी एवढंच विचारलं, "चालतं का, बघितलंत?" आमच्या कार्यालयात असा प्रश्न कोणी विचारत नाही. मला तो अपमानास्पद वाटला, आणि मी बैठकीच्या खोलीतच पिन ओढली. नळकांडं चालत होतं, हे निर्विवाद सिद्ध झालं. पुढचे चार दिवस आमचा सोफा, दिवा, पुस्तकं आणि सासूबाईंचा फोटो एकाच रंगाचे होते. बायकोने केरसुणी आणून माझ्या हाताशी ठेवली, नियम नऊमध्ये म्हटल्याप्रमाणे.

आता ब्रेक. इथे मला थोडं गंभीर व्हावं लागेल.

जुन्या गाडीत ब्रेकचं पेडल दाबलं की एक तेल नळ्यांमधून चाकांपर्यंत जातं आणि ब्रेक लावतं. नळ्या लोखंडी असतात, पण पुढची चाकं वळतात, म्हणून तिथे शेवटचा वीतभर तुकडा रबरी पाइपाचा असतो. सगळ्या गाडीचं थांबणं त्या दोन वीतभर पाइपांवर अवलंबून. डॉक्टरने जुने पाइप काढून माझ्यापुढे धरले.

"हे आतून सुजलेत. बदला. माझ्याकडे आहेत दोन." त्याने पेटीतून कापडात गुंडाळलेले दोन काळे पाइप काढले. "एक म्हातारा बनवतो. एकेक पाइप स्वतः दाब देऊन बघतो, मगच देतो."

"कागद आहे?"

"म्हातारा आहे."

मी हसलो. ज्याला आपलं शास्त्र अवगत आहे तो माणूस अडाण्यापुढे जसा हसतो, तसा. मी थेट सुट्या भागांच्या दुकानात गेलो आणि काउंटरवर सरळ सांगितलं, मला आमच्या कार्यालयाचा शिक्का असलेलाच पाइप पाहिजे. दुकानदाराने बंद पाकीट दिलं. वर लाल रंगात 'तपासून पास' छापलेलं होतं. बावीस वर्षं ज्या शिक्क्याच्या सहवासात काढली तो असा अनोळखी दुकानात भेटला की ऊर भरून येतो.

घरी आल्यावर डॉक्टरने पाकीट फोडलं. आतल्या घडी घातलेल्या चिठ्ठीवर मी झडप घातली आणि ती घडीसकट पारदर्शक पाकिटात सरकवली. उघडून वाचली नाही. कागद वाचण्यासाठी नसतात, जोडण्यासाठी असतात, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या तेव्हाच्या साहेबांनी शिकवलं होतं. इकडे डॉक्टरने पाइप वाकवला, कानाशी नेला, हुंगला आणि शेवटी चक्क दाताने चावला. आमच्या अठ्ठावीस कलमी तपासणीत चावणं कुठेही नाही.

"साहेब, हा हाताला बरा लागत नाही. मऊ आहे."

"तुमच्या हाताला काय कळतं? पास झालाय तो."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने पास झालेले पाइप बसवले, आणि आपले दोन कापडात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवले. "असू द्या," म्हणाला.

बायको आवारात एक चक्कर मारून आली. "पाय जरा खोल जातोय हो."

"नवा आहे. रुळेल."

हेडमास्तर हे सगळं खुर्चीतून बघत होते. कागदाचं महत्त्व जाणणारा माणूस या इमारतीत एक तरी आहे, असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गाडीलाही तेच पाइप बसवून घेतले. मला धन्य वाटलं.

आता आमच्या कार्यालयात तपासणी कशी होते ते सांगायला हवं. कारखानदार मालाच्या प्रत्येक खेपेबरोबर नमुने पाठवतात. नमुने कपाटात जातात. दाब मोजण्याचं एक यंत्र आहे, ते सहा वर्षांपूर्वी बिघडलं आणि सध्या त्यावर एक कुंडी आहे. परंतु काम अडत नाही, कारण नियमात सोय आहे: मागील नमुने समाधानकारक असल्यास केवळ कागदपत्रांवरून मंजुरी द्यावी. मागील नमुने समाधानकारक होते, कारण त्यांनाही त्यांच्या मागच्या नमुन्यांवरून मंजुरी मिळाली होती. अशी ती परंपरा फार मागे जाते. मी दिवसाला चाळीसेक सह्या करतो. पहिल्या वर्षी माझ्या सहीत पूर्ण नाव वाचता येत असे. मग आडनाव गेलं, मग वेलांट्या गेल्या, आणि आता कागदावर जे उरतं ते बघून कोणाला वाटेल की लिहिणाऱ्याला शिंक आली.

शर्यतीच्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी तीसेक गाड्या उभ्या होत्या, सगळ्या घासूनपुसून चकचकीत. सासऱ्यांना आम्ही घडीच्या खुर्चीत सावलीला बसवलं. त्यांनी इस्त्रीचा कोट घातला होता, आणि गाडीची जुनी किल्ली, जी आता कुठल्याच कुलपाला लागत नाही, खिशात ठेवली होती. तपासणी अकराला बंद होणार होती. आमचा नंबर सव्वादहाला लागला.

तपासनीस बाई साठीच्या होत्या. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात काठीला बांधलेला आरसा, कानावर खडू. मी फाइल पुढे केली.

"ते नंतर," बाई म्हणाल्या. "आधी गाडी."

त्यांनी पट्टे ओढून बघितले. नव्या तळावर टाच आपटली. चाकांचे नट पान्याने बघितले, आणि मला सांगायला आनंद होतो की एकही तुटला नाही. पुन्हा भरून आणलेल्या नळकांड्याला हात लावला तेव्हा मी आपण होऊन सांगितलं की ते चालतं. मग त्यांनी चाक एका बाजूला वळवायला लावलं, खाली वाकल्या आणि बायकोला म्हणाल्या, "ब्रेक दाबा. जोरात. धरून ठेवा."

बायकोने दाबला. बाईंनी चाकामागे हात घातला आणि तसाच ठेवला.

"तुम्ही या. इथे हात लावा."

मी गुडघे टेकून हात घातला. पास झालेला पाइप माझ्या मुठीत होता. "सोडा," बाई म्हणाल्या, आणि तो बोटभर बारीक झाला. "दाबा," म्हणाल्या, आणि माझ्या मुठीत तो बेडकाच्या गळ्यासारखा फुगला. पुन्हा सोडा. पुन्हा दाबा. रबर जिवंत असल्यासारखं माझी बोटं उघडत होतं.

"उतारावर चार वळणं आहेत," बाई म्हणाल्या. "हा पहिलं वळण काढेल. दुसरं कदाचित. तिसऱ्याला फुटेल, आणि मग यांनी कितीही दाबलं तरी पेडल जमिनीला टेकेल."

मी वर बघितलं. बायको दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पुढे बघत होती. काचेआड तिला दाबा-सोडा एवढंच ऐकू येत होतं, आमचं बाकीचं बोलणं नाही. तिने केस घट्ट बांधले होते आणि ती खुशीत होती.

"पण कागद आहे," मी म्हणालो. हे मी का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही. तोंडाला सवय होती.

बाईंनी फाइलमधून चिठ्ठी काढली, घडी उघडली आणि विजेरी धरली. "तपासून पास. दाब चाचणी समाधानकारक. आणि खाली सही." त्या सहीकडे त्यांनी आरसा लावूनही बघितलं. "वाचता येत नाही. या माणसाला एकदा धरून आणून त्या पुढच्या सीटवर बसवलं पाहिजे आणि टेकडीवरून सोडलं पाहिजे."

मी चिठ्ठी हातात घेतली. ती शिंक मी कुठेही ओळखली असती.

आयुष्यात अशी वेळ येते तेव्हा गप्प बसायला वाव असतो. सही वाचता येत नव्हती, हे बाईच म्हणाल्या होत्या. डॉक्टर शेजारी उभा होता, पण तो बोलणाऱ्यातला नाही. मी चिठ्ठी खिशात घातली असती तर कोणाला काही कळलं नसतं. पण माझ्या मुठीत तो फुगलेला पाइप अजून जाणवत होता, आणि मला फार लाज वाटली. साधी, शाळेतल्यासारखी.

"तो माणूस तिथेच बसणार आहे," मी म्हणालो. "सही माझी आहे."

बाईंनी विजेरी बंद केली. बायकोने काच खाली केली आणि विचारलं, "अहो, झालं का?"

डॉक्टरने डिकी उघडली आणि कापडाची गुंडाळी काढली.

"हे चालतील," बाई पाइप हाताळून म्हणाल्या, "पण याला कागद नाही. बिनकागदाचा भाग लावलेली गाडी मी सोडू शकत नाही." मग त्यांनी पुस्तिका उघडली. "कलम एकतीस. अधिकृत तपासणी अधिकाऱ्याने जागेवर तपासून सही केल्यास चालेल." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही अधिकृत आहात. दुर्दैवाने."

डॉक्टरने वीस मिनिटांत पाइप बदलले, बायकोने पेडल मारून मारून आतली हवा काढली, आणि बाईंनी कोरा फॉर्म आणि पेन माझ्या हातात दिलं. एक सही करायची होती. दिवसाला चाळीस करणारा मी, एका सहीला किती वेळ लागणार!

मी चाकामागे हात घातला. "दाब." पाइप हलला नाही. "सोड. दाब." नाही हलला. मी पेन उघडलं, आणि मग मला वाटलं की माझ्या हाताला कळत नसेल. डॉक्टरच्या हाताला कळतं, बाईंच्या हाताला कळतं, माझ्या हाताने बावीस वर्षांत एकही पाइप धरलेला नाही. मी फाइलची नाडी सोडली. ती पाइपाभोवती गुंडाळली, जिथे टोक आलं तिथे पेनाने खूण केली आणि बायकोला दाबायला सांगितलं. खूण जागची हलली नाही. मग दुसऱ्या पाइपाला. मग पुन्हा पहिल्याला, कारण दुसऱ्याचं बघताना पहिल्याची खात्री गेली होती. मग चाक डावीकडे वळवून, मग उजवीकडे वळवून. मग जोडांवर कोरडा कागद दाबून धरला, तेलाचा डाग पडतो का बघायला. त्यासाठी मी सोसायटीच्या सूचनेची प्रत वापरली.

"अहो, पाय भरून आला."

"एकदाच. धरून ठेव. मी तीनशे मोजतो."

"तीनशे?"

"उतार किती वेळाचा आहे, मला माहीत नाही."

मी तीनशे मोजले. दीडशेच्या सुमारास कोणीतरी शिट्टी वाजवली. मग इंजिनांचा आवाज सुरू झाला, एकेक गाडी निघाली, धूर झाला, लोक ओरडले. मी नाडीवरच्या खुणेवरून डोळे काढले नाहीत. तीनशे झाल्यावर मी उठलो, गुडघे झटकले आणि फॉर्मवर सही केली. आपोआप पूर्ण नाव लिहिलं गेलं, आडनावासकट, सगळ्या वेलांट्यांसह.

अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती. रांगेत आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

मी सासऱ्यांकडे गेलो. त्यांच्यापुढे उभा राहिलो. चाळीस वर्षं वाट बघितलेली शर्यत मी एका पाइपाशी बसून घालवली होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "गाडी सुटली नाही."

सासऱ्यांनी खिशातली किल्ली बोटांनी चाचपली. "जावईबापू," ते म्हणाले, "लग्नाला वीस वर्षं झाली. तुम्हाला नोकरी करताना आज पहिल्यांदा पाहिलं."

तपासनीस बाईंनी आमचा फॉर्म वाचला, मग सही दोनदा वाचली. सगळ्या गाड्या परत आल्यावर त्या आमच्याकडे आल्या. "वेळ लिहिणार नाही, नंबर देणार नाही," त्या म्हणाल्या. "पण रस्ता अजून अर्धा तास बंद आहे. फिरून या."

मी पट्टा लावला, नळकांडं हाताशी घेतलं. चढ निर्विघ्न गेला. उतार सुरू झाला आणि मला डुलकी लागली नाही. मी बायकोच्या पायाकडे बघत होतो. पहिलं वळण, दुसरं. तिसऱ्याच्या आधी तिने ब्रेक दाबला, गाडीने मान खाली घातली आणि मी मनातल्या मनात तीनशे मोजायला लागलो. सातपर्यंत आलो तोवर वळण मागे गेलं होतं.

"हात सोडा की," बायको म्हणाली. मी तिचा गुडघा धरून बसलो होतो, हे मला तेव्हा कळलं.

पायथ्याशी झेंडेवाला निघून गेला होता, लोक खुर्च्या गोळा करत होते. सासरे तेवढे उभे होते. गाडी निघाल्या जागी येऊन, बरोबर पांढऱ्या रेघेवर, थांबली. त्यांनी पुढे येऊन बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बायकोने इंजिन बंद केलं. ती रडत होती आणि हसतही होती, आणि मी नळकांडं मांडीवर घेऊन बसलो होतो.

घरी पोचल्यावर बूटही न काढता मी वरच्या मजल्यावर गेलो. हेडमास्तरांनी दार उघडलं.

"नंबर?"

"नाही आला. तुमच्या गाडीची किल्ली द्या. ते पाइप आजच काढायचेत, डॉक्टर खाली थांबलाय. उद्या नातीला रिक्षाने पाठवा."

"पण तुमच्या कार्यालयाचा कागद आहे ना त्याला?"

"आहे. म्हणूनच आलो."

हेडमास्तरांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, वर्गात बघत असतील तसं, आणि किल्ली दिली.

सोमवारी मी कपाट उघडून त्या खेपेचा नमुना काढला. बावीस वर्षांत ते कपाट उघडायला किल्ली कोणाकडे मागायची हेच मला माहीत नव्हतं. नमुना दाबाशिवायच, नुसता वाकवल्यावर मधे घडी पडून चपटा झाला. मी खेप परत मागवण्याचा आदेश लिहिला आणि शिक्का आणायला स्टोअरकीपरकडे गेलो.

"पासचे तीन आहेत साहेब," तो म्हणाला. "नापासचा नाही."

"हरवला?"

"कधी कोणी मागितलाच नाही. मागणीपत्र भरा, टेंडर निघेल."

मी जागेवर येऊन हातानेच 'नापास' असं लिहिलं, खाली सही केली आणि फाइल मोठ्या साहेबांकडे पाठवली. दुपारी ती परत आली. मोठ्या साहेबांनी समासात लाल शाईने शेरा मारला होता: सही अभिलेखातील नमुन्याशी जुळत नाही. सबब परत.

मी कुंडी उचलून खाली ठेवली, दाब मोजायचं यंत्र फडक्याने पुसलं आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसलो. मग मोठ्या साहेबांच्या शेऱ्याखाली लिहिलं: सही माझीच आहे. जुळत नसल्यास आधीच्या सर्व सह्या तपासाव्यात. आणि त्याखाली पुन्हा एकदा, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.